वृद्धांची मोफत देखभाल आणि कौन्सिलची तिजोरी: स्कॉटलंडचा हिशोब

मराठी घरात ‘आजींचं आता सगळं जागेवरच करावं लागतं’ असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, शौचाला नेणे किंवा अंथरुणातच स्वच्छता करणे, घास भरवणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलून देणे, ही सारी कामे त्या एका ‘करणे’ या क्रियापदात येतात. ब्रिटनच्या कायद्यात या कामांना पर्सनल केअर म्हणतात; या लेखात त्यांना व्यक्तिगत देखभाल म्हटले आहे. आपल्या घरांत या कामांचा हिशोब सहसा मांडला जात नाही, कारण ती बहुधा सून, मुलगी किंवा बायको करते आणि तिला पगार नसतो. स्कॉटलंडमध्ये मात्र तो पेनीपर्यंत मांडावा लागतो. १ जुलै २००२ पासून तेथे ६५ वर्षे पूर्ण झालेल्या (२०१९ पासून कोणत्याही वयाच्या प्रौढ) आणि गरज असल्याचे तपासणीत ठरलेल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न किंवा मालमत्ता कितीही असो, ही देखभाल विनाशुल्क मिळते आणि ती पुरवण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर आहे. अशी सेवा कौन्सिलला काय भावात पडते, तो आकडा आधी का सांगता येत नाही आणि पैसा अपुरा पडला की प्रत्यक्षात काय घडते, हे या लेखात पाहायचे आहे.

स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिल आहेत. रस्ते, कचरा, ग्रंथालये यांच्याबरोबरच सरकारी शाळा आणि वृद्ध, अपंग व निराधार मुले यांच्या सामाजिक सेवाही याच कौन्सिल चालवतात, त्यामुळे त्यांच्या कामाचा पसारा आपल्या महानगरपालिकेपेक्षा बराच मोठा आहे. खर्चाला लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग मात्र एडिंबरा येथील स्कॉटिश सरकारच्या अनुदानातून येतो. काउन्सिल टॅक्स नावाचा, आपल्या घरपट्टीशी साधारण मिळताजुळता कर कौन्सिल स्वतः गोळा करतात, परंतु एकूण जमेत त्याचा वाटा लहान असतो. शिवाय २००८ पासून सलग नऊ वर्षे तो कर वाढू न देण्याचे धोरण सरकारने राबवले होते. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो: वचन देणारे सभागृह वेगळे आहे आणि ते पाळण्यासाठी माणसे नेमणारे कार्यालय वेगळे आहे.

दवाखाना फुकट, अंघोळ विकत

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा आजारावरचे उपचार सर्वांना विनाशुल्क झाले. म्हातारपणी लागणारी देखभाल मात्र त्या छत्राबाहेर राहिली. ती स्थानिक संस्थांकडे गेली आणि तिचे शुल्क माणसाची ऐपत पाहून आकारले जाऊ लागले. परिणामी कर्करोगाच्या रुग्णाचा महागडा उपचार सरकार करत असे, आणि डिमेन्शियाने (स्मृतिभ्रंशाने) ग्रासलेल्या, स्वतःची बटणे लावता न येणाऱ्या माणसाला मात्र केअर होमची, म्हणजे वृद्धांना ठेवून घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेची, फी भरण्यासाठी राहते घर विकावे लागे. दोन्ही माणसे आजारीच असतात, पण एकाच्या आजाराला औषध आहे आणि दुसऱ्याला लागतात ते माणसाचे हात, एवढ्याच फरकाने बिल कोणाच्या नावावर फाटायचे ते ठरत होते.

हा अन्याय तपासण्यासाठी डिसेंबर १९९७ मध्ये सर स्टुअर्ट सदरलंड यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला आणि मार्च १९९९ मध्ये त्याने अहवाल दिला. आयोगाने वृद्धाच्या खर्चाचे तीन भाग पाडले: अन्नवस्त्रासारखा रोजचा खर्च, डोक्यावरच्या छपराचा खर्च आणि व्यक्तिगत देखभालीचा खर्च. पहिले दोन खर्च धडधाकट माणसालाही असतात, म्हणून ते ऐपतीनुसार त्याने स्वतः करावेत. तिसरा खर्च केवळ दुबळेपणामुळे उभा राहतो, म्हणून तो आजारपणाच्या खर्चासारखा सर्वांच्या करातून व्हावा, अशी शिफारस आयोगाने केली. आयोगाच्या दोन सदस्यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. गरिबांची देखभाल सरकार आधीपासूनच करते, तेव्हा नवा पैसा मुख्यतः सुस्थितीतील घरांकडे जाईल आणि हा खर्च पुढे आटोक्यात राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पंचवीस वर्षांनंतर पाहता या दोन्ही आक्षेपांत बरेच तथ्य होते असे मला वाटते, आणि तरीही आयोगाची मूळ विभागणी मला न्याय्यच वाटते.

लंडनमधील सरकारने २००० साली इंग्लंडपुरती ही शिफारस नाकारली. स्कॉटलंडची स्वतःची संसद मात्र १९९९ मध्ये नुकतीच सुरू झाली होती, आणि आपण लंडनपेक्षा वेगळे काही करू शकतो हे दाखवण्याची तिला निकड होती. ऑक्टोबर २००० मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, झालेले हेन्री मॅक्लिश यांनी हा विषय उचलून धरला, अंमलबजावणीचा तपशील ठरवण्यासाठी एक अभ्यासगट बसला, २००२ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून सेवा सुरू झाली.

एका आजींचे दोन हिशोब

कौन्सिलचा खर्च नीट कळण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ऐंशी वर्षांच्या एका आजी आहेत, त्यांच्या नावावर घर आणि बऱ्यापैकी शिल्लक आहे, आणि त्यांना व्यक्तिगत देखभालीची गरज असल्याचे कौन्सिलच्या सामाजिक कार्यकर्तीने ठरवले आहे.

आजी केअर होममध्ये गेल्या, तर कौन्सिल त्यांच्या वतीने त्या संस्थेला एक ठरावीक साप्ताहिक रक्कम देते. २००२ मध्ये ही रक्कम व्यक्तिगत देखभालीसाठी १४५ पौंड आणि परिचारिकेच्या सेवेची गरज असल्यास आणखी ६५ पौंड अशी होती; २०२४-२५ साठी हे आकडे २४८.७० आणि १११.९० पौंड होते. केअर होमची फी मात्र आठवड्याला सहज हजार पौंडांच्या पुढे जाते. ती १,२०० पौंड धरली आणि परिचारिकेची गरज नाही असे मानले, तर कौन्सिल २४८.७० पौंड देईल आणि उरलेले ९५१.३० पौंड आजींना खोलीभाडे, जेवण आणि इतर सोयी यांच्यापोटी स्वतः भरावे लागतील. ‘मोफत देखभाल’ हे शब्द ऐकून केअर होमही फुकट असेल असे समजणाऱ्या कुटुंबांची पहिली निराशा येथे होते. कौन्सिलच्या दृष्टीने मात्र ही व्यवस्था सोयीची आहे, कारण दर निश्चित असतो: आजींची प्रकृती खालावली, दोन माणसांशिवाय त्यांना उठवता येईनासे झाले, तरी रक्कम तीच राहते. वर्षाचा हिशोब साधारण १२,९३२ पौंडांवर थांबतो.

त्याच आजी स्वतःच्या घरी राहिल्या, तर चित्र पालटते. घरी दिल्या जाणाऱ्या व्यक्तिगत देखभालीला ठरावीक दर नाही; गरजेच्या तपासणीत जितके तास ठरतील तितके तास मदतनीस पाठवावी लागते, आणि त्याचे शुल्क घेता येत नाही. सकाळी उठवून अंघोळ, दुपारी जेवण, संध्याकाळी स्वच्छता आणि रात्री अंथरुणावर निजवणे, अशा अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार फेऱ्या धरल्या तर आठवड्याचे १४ तास होतात. ताशी खर्च समजण्यापुरता २५ पौंड मानला, तर आठवड्याला ३५० आणि वर्षाला १८,२०० पौंड लागतात. दोन मदतनिसांची गरज पडली की हाच आकडा दुप्पट होतो.

वृद्धांना शक्यतो त्यांच्या घरीच राहू द्यावे हे सरकारचे धोरण, स्वतः वृद्धांचीही तीच इच्छा, आणि कौन्सिलचा खर्च अमर्याद होतो तो नेमका त्याच वाटेवर. देखभाल मोफत झाल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत या योजनेवरचा एकूण खर्च दुपटीहून जास्त वाढला, आणि त्या वाढीचा मोठा वाटा घरपोच देखभालीचा होता. केअर होममध्ये ही रक्कम मिळवणाऱ्यांच्या संख्येत तशी वाढ झाली नाही.

निश्चित दराचीही एक दुसरी बाजू आहे. देखभालीचा खर्च म्हणजे मुख्यतः मजुरी. १ जुलै २००२ रोजी ब्रिटनमधील किमान वेतन ताशी ४.१० पौंड होते, म्हणजे १४५ पौंडांत किमान वेतनाने ३५ तासांहून अधिक काम विकत घेता येत होते. एप्रिल २०२४ मध्ये किमान वेतन ११.४४ पौंड झाले, आणि २४८.७० पौंडांत जेमतेम २२ तास बसतात. रक्कम वाढत गेली, पण तिच्यात मावणारी माणसाची मेहनत घटत गेली. केअर होमच्या बाबतीत मूळ वचन कोणी मोडले नाही, तरी त्याचे मोल हळूहळू आटले आणि फरक आजींच्या बचतीतून भरला गेला. कौन्सिलची यात बचत झाली असली, तरी हा दर कौन्सिल ठरवत नाहीत, तो सरकार ठरवते.

अंदाज का चुकला

योजना सुरू करताना तिच्यासाठी वर्षाला १२५ दशलक्ष पौंडांची तरतूद करण्यात आली होती. हा अंदाज तोकडा पडला, पण त्यामागे केवळ निष्काळजीपणा होता असे म्हणता येणार नाही. २००२ पूर्वी कौन्सिल घरपोच मदत देत असत, पण त्यात झाडलोट, बाजारहाट आणि अंघोळ घालणे हे सगळे एकाच खात्यावर मांडले जात असे. त्यामुळे व्यक्तिगत देखभालीवर आधीपासून किती खर्च होत होता याची वेगळी नोंद कोणाकडेच नव्हती. ज्याचा पायाच मोजलेला नाही त्याची वाढ मोजणे कठीण असते.

दुसरी धास्ती नातेवाइकांची होती. आजवर जे काम लेकीसुना फुकट करत होत्या ते सेवा मोफत झाल्यावर कौन्सिलच्या गळ्यात पडेल, अशी भीती व्यक्त होत होती आणि अभ्यासगटाने तिच्यासाठी काही वाढीव रक्कम धरलीही होती. प्रत्यक्षात तसे घडले नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड बेल आणि त्यांच्या स्टर्लिंग विद्यापीठातील सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की नातेवाइकांनी अंग काढून घेतले नाही, त्यांनी मदतीचा प्रकार बदलला. अंघोळ मदतनिसाकडे गेली आणि मुलगी आईला बाजारात नेणे, तिच्याशी बोलत बसणे यांसाठी मोकळी झाली. मला या सगळ्या प्रकरणातील ही सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते, आणि खर्चाची भीती दाखवून अशा योजना नाकारणाऱ्यांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

खर्च वाढला तो मुख्यतः इतर कारणांनी. पंचाहत्तरीच्या आणि पंच्याऐंशीच्या पुढच्या लोकांची संख्या वाढत गेली. ज्यांना पूर्वी संस्थेत किंवा रुग्णालयात ठेवले असते असे अधिक परावलंबी लोक घरी राहू लागले. आणि पूर्वी शुल्काच्या भीतीने मदत न मागणारे सुस्थितीतील लोक आता पुढे आले.

स्कॉटलंडच्या लेखापरीक्षण संस्थेने जानेवारी २००८ मध्ये या योजनेचा ताळेबंद मांडला. पहिल्या चार वर्षांत एकूण सुमारे १.८ अब्ज पौंड खर्च झाले, परंतु त्यातील सुमारे १.२ अब्ज पौंड ही योजना नसती तरीही कौन्सिलांना खर्च करावेच लागले असते, कारण गरीब वृद्धांची देखभाल त्या आधीपासून करतच होत्या. सेवा मोफत केल्यामुळे पडलेला खरा जादा भार उरलेल्या सुमारे ६० कोटी पौंडांचा होता. ‘मोफत देखभालीचा खर्च’ म्हणून वर्तमानपत्रांत जो आकडा छापला जातो तो बहुधा एकूण खर्चाचा असतो, आणि त्यावरून योजना परवडते की नाही हे ठरवणे चुकीचे आहे. वाद करायचा तर तो जादा खर्चावर करावा. त्याच अहवालाने २००५-०६ या एका वर्षात सरकारी निधी आणि कौन्सिलांचा जादा खर्च यांच्यात ४६ ते ६३ दशलक्ष पौंडांची तूट असल्याचा अंदाज दिला होता. त्यानंतर एप्रिल २००८ मध्ये त्याच सदरलंड यांनी, आता लॉर्ड झालेल्या, स्कॉटिश सरकारसाठी योजनेचा आढावा घेतला आणि दरवर्षी आणखी ४० दशलक्ष पौंड देण्याची शिफारस केली. सरकारने ती मान्य केली.

तुटीचा बोजा सगळ्या कौन्सिलांवर सारखा नव्हता. एडिंबरा येथे स्वतःच्या पैशाने केअर होममध्ये राहणारे सुखवस्तू वृद्ध अधिक, म्हणून तेथे नव्याने द्यावी लागणारी रक्कमही अधिक. ग्लासगोत केअर होममधील बहुतेकांचा खर्च कौन्सिल आधीपासूनच उचलत होती, तेव्हा मोफत देखभालीने तेथील हिशोबात त्या मानाने थोडाच फरक पडला. उत्तरेकडील हायलँड भागात आणि बेटांवर अडचण तिसरीच: एका घरातून दुसऱ्या घरी जायला मदतनिसाला अर्धा तास गाडी चालवावी लागते, कधी बोटीची वेळ गाठावी लागते, आणि त्या वेळेचा पगारही कौन्सिललाच द्यावा लागतो. अंघोळ अर्ध्या तासाची असते आणि खर्च दीड तासाचा होतो.

लंडनने वाचवलेले पैसे

या हिशोबात एक कलम असे आहे की ते वाचून कौन्सिलांच्या बाजूने चीड यावी. ब्रिटनमध्ये परावलंबी वृद्धांना अटेंडन्स अलाउन्स नावाचा भत्ता मिळत असे, आणि तो लंडनमधील केंद्र सरकार देत असे. केअर होममध्ये स्वखर्चाने राहणाऱ्या वृद्धाला कौन्सिलकडून मोफत देखभालीची रक्कम सुरू होताच त्याचा हा भत्ता बंद होऊ लागला, कारण एकाच गरजेसाठी सरकारी तिजोरीतून दोनदा पैसे देता येत नाहीत असा नियम होता. नियम तर्काला धरून होता. पण वाचलेले कोट्यवधी पौंड स्कॉटलंडला मिळाले नाहीत, ते लंडनच्या तिजोरीत राहिले. स्कॉटलंडने स्वतःच्या लोकांसाठी जादा खर्च करायचा आणि त्यामुळे लंडनचा खर्च कमी व्हायचा, असा हा उफराटा प्रकार होता. सदरलंड यांनी २००८ च्या आढाव्यात ही रक्कम परत मिळावी असे स्पष्टपणे म्हटले होते, पण लंडनने ते मानले नाही. घरी राहणाऱ्या वृद्धांचा भत्ता मात्र चालू राहिला.

पैसा संपला की काय होते

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. कौन्सिलांची पंचाईत ही की अंथरूण दुसऱ्याने बेतलेले होते आणि पाय किती पसरायचे याचे वचनही दुसऱ्यानेच देऊन ठेवले होते. शुल्क घेता येत नाही, कर पुरेसा वाढवता येत नाही आणि गरजू माणसांची संख्या आपल्या हातात नाही. अशा वेळी कौन्सिलच्या हाती तीनच गोष्टी उरतात: गरज कशाला म्हणायचे, देखभाल कशाला म्हणायचे आणि ती कधी सुरू करायची. पुढची अनेक वर्षे या तिन्हींवरून भांडणे झाली.

त्यांतले सर्वांत लोकविलक्षण भांडण स्वयंपाकाचे. कायद्यात अन्नविषयक मदत व्यक्तिगत देखभालीत धरली होती, पण शब्दरचना संदिग्ध होती. वृद्धाला घास भरवणे मोफत, याबद्दल वाद नव्हता. पण तो घास शिजवणे, डबा गरम करणे, पाव भाजून देणे हे देखभालीत येते की घरकामात? काही कौन्सिलांनी ते घरकाम मानून शुल्क आकारले, काहींनी आकारले नाही, आणि शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच कायद्याचे दोन अर्थ झाले. बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल, परंतु हजारो घरांत रोज तीन वेळा होणाऱ्या कामाचा प्रश्न असल्याने त्यात लक्षावधी पौंड अडकले होते. अखेर २००९ मध्ये नियम सुधारून अन्न तयार करून देण्याचे शुल्क घेता येणार नाही असे स्पष्ट करण्यात आले.

दुसरे भांडण न्यायालयात गेले. पश्चिम किनाऱ्यावरील अर्गाइल अँड ब्यूट या कौन्सिलने निधी संपल्याचे कारण देऊन मोफत देखभालीच्या रकमेसाठी प्रतीक्षायादी केली होती. एका कुटुंबाच्या तक्रारीवरून सार्वजनिक सेवांच्या लोकपालांनी कौन्सिलला दोष दिला, पण कौन्सिल सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये लॉर्ड मॅकफेल यांनी कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचा आशय सोप्या शब्दांत असा: कौन्सिल जी देखभाल स्वतः पुरवते किंवा मिळवून देते तिचे शुल्क घेण्यास कायदा मनाई करतो, परंतु माणसाने स्वतः खासगी केअर होमशी करार करून घेतलेल्या देखभालीचे पैसे दिलेच पाहिजेत असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. पाच वर्षे जो हक्क म्हणून सांगितला जात होता तो कायद्याच्या मजकुरात हक्क म्हणून नव्हताच, ही गोष्ट या निकालाने उघडी पडली. शुल्काला बंदी घालणे आणि सेवेची हमी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा खर्च दुसरीपेक्षा खूपच कमी असतो.

तिसरा मार्ग कमी गाजावाजाचा आणि अधिक परिणामकारक होता. २००९ मध्ये सरकार आणि कौन्सिल यांनी मिळून गरजेच्या चार पायऱ्या ठरवल्या: अतिगंभीर, लक्षणीय, मध्यम आणि कमी. पहिल्या दोन पायऱ्यांवरील वृद्धांना सहा आठवड्यांच्या आत सेवा मिळेल असे आश्वासन होते. खालच्या दोन पायऱ्यांसाठी तसे नव्हते. पैशाची चणचण वाढली तशी वरच्या पायरीवर चढणे कठीण होत गेले. ज्या आजींना आठवड्यातून दोनदा अंघोळीला मदत मिळाली असती तर त्या घसरून पडल्या नसत्या, त्यांना मदत मिळू लागते ती खुबा मोडल्यानंतर, आणि तोवर त्यांची गरज दोन फेऱ्यांवरून चार फेऱ्यांवर गेलेली असते.

याचा ताण रुग्णालयांवर पडतो. उपचार पूर्ण झालेले, पण घरी देखभालीची सोय न झाल्याने खाटेवर अडकून पडलेले रुग्ण स्कॉटलंडमध्ये २०२४ च्या शरद ऋतूत दररोज सुमारे २,००० होते. रुग्णालयातील खाटेचा खर्च घरपोच देखभालीच्या कितीतरी पट असतो, पण तो आरोग्य सेवेच्या खात्यावर पडतो, कौन्सिलच्या नाही. हे दोन खिसे एकत्र करण्यासाठी २०१४ मध्ये कायदा झाला आणि २०१६ पर्यंत आरोग्य सेवा व कौन्सिल यांची संयुक्त मंडळे स्थापन झाली. मंडळे झाली, पण त्यांच्याकडे येणारा पैसा त्याच दोन खिशांतून येत राहिला आणि तूट आली की ती कोणी भरायची हा वादही चालूच राहिला.

इंग्लंडची अर्धवट राहिलेली गोष्ट

इंग्लंडने हा मार्ग नाकारला असला, तरी एकदा ते त्याच्या अगदी जवळ आले होते. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सप्टेंबर २००९ मध्ये, सर्वाधिक गरज असलेल्या लोकांना त्यांच्या घरी व्यक्तिगत देखभाल मोफत देण्याची घोषणा केली. सुमारे ४ लाख लोकांना लाभ होईल आणि वर्षाला ६७ कोटी पौंड लागतील असा अंदाज होता. त्यातील ४२ कोटी सरकार देणार होते आणि उरलेले २५ कोटी कौन्सिलांनी स्वतःच्या कारभारात काटकसर करून उभे करावेत अशी अपेक्षा होती. कौन्सिलांनी ओरड केली, आणि ती रास्त होती: जी काटकसर अजून झालेलीच नाही तिच्या भरवशावर कायमस्वरूपी खर्च सुरू करणे म्हणजे मूल जन्मण्याआधीच बारशाचे आमंत्रण देण्यासारखे होते. एप्रिल २०१० मध्ये कायदा मंजूर झाला, मे महिन्यात सरकार बदलले आणि तो कायदा कधीही अमलात आला नाही. आजही इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्या व्यक्तीला देखभालीचा खर्च स्वतः करावा लागतो, आणि ही मर्यादा २०१० पासून तसूभरही हललेली नाही.

फ्रँक कोपेल आणि त्यानंतर

स्कॉटलंडमधील योजनेला एक वयाची भिंत होती. डंडी युनायटेड संघाकडून खेळलेले फुटबॉलपटू फ्रँक कोपेल यांना ५९ व्या वर्षी डिमेन्शिया झाल्याचे निदान झाले. वय ६५ पेक्षा कमी असल्याने त्यांना मोफत देखभाल लागू नव्हती. ती लागू झाली तेव्हा त्यांच्या आयुष्याचे तीन आठवडेही उरलेले नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी अमांडा कोपेल यांनी चालवलेल्या चळवळीमुळे १ एप्रिल २०१९ पासून वयाची अट काढण्यात आली आणि हा बदल फ्रँकचा कायदा म्हणून ओळखला जातो. पहिल्या वर्षासाठी सरकारने त्याकरिता ३ कोटी पौंडांची तरतूद केली. न्यायाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. कौन्सिलांसाठी मात्र तो पुन्हा एकदा अंदाजाने केलेल्या तरतुदीवर उभा होता, कारण तरुण अपंग व्यक्तीची देखभाल काही वर्षांची नसते, अनेक दशकांची असते.

आणि मजुरी वाढतच आहे. देखभालीच्या कामात यंत्राने फारसा वेळ वाचत नाही. अंघोळीला १९६२ मध्ये जितका वेळ लागत होता तितकाच आज लागतो, तेव्हा वेतन वाढले की खर्च सरळ त्याच प्रमाणात वाढतो. सरकारने या मदतनिसांसाठी वेगळे, किमान वेतनाहून अधिक वेतन ठरवले आहे. एप्रिल २०२४ पासून ते ताशी १२ पौंड झाले. अंथरुणाशी खिळलेल्या माणसाची स्वच्छता करणाऱ्या बाईला दुकानातील विक्रेत्याहून थोडे अधिक मिळावे, यात उधळपट्टी काही नाही. एप्रिल २०२५ पासून मात्र लंडनने मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीचा दर १३.८ वरून १५ टक्के केला, आणि देखभाल पुरवणाऱ्या संस्था हा बोजा साहजिकच कौन्सिलांबरोबरच्या कराराच्या दरात मागू लागल्या. स्कॉटलंडच्या कौन्सिलने आजींसाठी विकत घ्यायच्या अंघोळीचा भाव अशा रीतीने लंडनच्या अर्थमंत्र्यांच्या एका निर्णयानेही वाढतो.

देखभाल सेवांचा आढावा घेणाऱ्या डेरेक फीली यांच्या समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये सुचवले होते की केअर होमसाठीची मोफत देखभालीची रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ आणावी आणि घरपोच मदतीतील उरलेसुरले शुल्कही रद्द करावे. संपूर्ण जबाबदारी कौन्सिलांकडून काढून एका राष्ट्रीय देखभाल सेवेकडे द्यावी असा प्रस्तावही त्यातून पुढे आला, त्यावर २०२२ मध्ये विधेयक आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ती राष्ट्रीय सेवा स्थापन करण्याचा बेत सोडून दिला. देखभाल ३२ कौन्सिलांकडेच राहिली. दर हिवाळ्याच्या अखेरीस कौन्सिल पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडतात, तेव्हा अंघोळीला हात लावता येत नाही म्हणून त्यांची नजर कायद्याने मोफत न केलेल्या गोष्टींकडे वळते: घराची झाडलोट, दिवसभराच्या केंद्रात नेऊन बसवणे, घरपोच जेवणाचा डबा, आणि पडल्यास मदत बोलावण्यासाठी आजींच्या गळ्यात अडकवलेले ते बटण, ज्याचे शुल्क त्यांच्याकडून दर आठवड्याला घेतले जाते.